समुद्रतळाच्या खाणी: खणणे आधी की जाणणे आधी?

अलीकडे ‘खोल समुद्रातील खाणकाम’ हे शब्द बातम्यांत वारंवार दिसू लागले आहेत. २४ एप्रिल २०२५ रोजी अमेरिकेच्या अध्यक्षांनी समुद्रतळावरील खनिजांचे उत्खनन वेगाने सुरू व्हावे यासाठी आदेश काढला आणि आठवडा उलटण्याच्या आतच कॅनडातील ‘द मेटल्स कंपनी’च्या अमेरिकी उपकंपनीने व्यापारी उत्खननाच्या परवान्यासाठी अर्ज दाखल केला. दुसरीकडे फ्रान्स, जर्मनी, चिली, पलाऊ असे तीसहून अधिक देश सांगत आहेत की तळाचा पुरेसा अभ्यास होईपर्यंत तिथे यंत्रे उतरवूच नयेत. मधल्यामध्ये सामान्य वाचक गोंधळतो. चार-पाच किलोमीटर खोल पाण्याखाली असे काय पडले आहे, ते कोणाच्या मालकीचे आहे, आणि जिथे माणूस राहत नाही तिथल्या चिखलावरून एवढा वाद कशासाठी?

या वादाला ‘पर्यावरण विरुद्ध उद्योग’ असे नाव देऊन मोकळे होणे सोपे आहे, पण त्यात त्याचे वेगळेपण निसटते. माणूस ज्या ज्या नव्या प्रदेशात शिरला, तिथे साधन आधी पोहोचले, उपसा लगोलग सुरू झाला आणि आपण नेमके काय उपसले याची समज सर्वांत शेवटी आली. न्यूफाउंडलंडच्या किनाऱ्यावरच्या कॉड माशाचे उदाहरण घ्या. शतकानुशतके चाललेली ती मासेमारी १९९२ मध्ये कॅनडाच्या सरकारला बंद करावी लागली, कारण तोवर मासाच जवळजवळ संपला होता. समुद्रतळाच्या बाबतीत मात्र, काहीशा योगायोगाने, हा क्रम उलटा होण्याची शक्यता निर्माण झाली आहे.

## तळाशी पडलेला गोटा

डिसेंबर १८७२ मध्ये इंग्लंडच्या पोर्ट्समथ बंदरातून ‘चॅलेंजर’ नावाचे जहाज निघाले. मुळात ते युद्धनौका होते, पण बहुतेक तोफा उतरवून त्या जागी प्रयोगशाळा आणि मैलोन्‌मैल दोर भरलेला होता. पुढची साडेतीन वर्षे या जहाजाने जगभरच्या समुद्रांत वजन बांधलेले दोर सोडून खोली मोजली आणि लोखंडी चौकटीचे जाळे तळावरून ओढून जे हाती लागेल ते वर काढले. १८७३ च्या फेब्रुवारीत, कॅनरी बेटांपासून काही अंतरावर, या जाळ्यात काळपट, खडबडीत गोटे आले. ते कापून पाहिल्यावर आत कांद्यासारखे पापुद्रे आणि मधोमध एखादा दगडाचा कण किंवा शार्कचा दात आढळे. जहाजावरच्या निसर्गशास्त्रज्ञांनी ते नमुने म्हणून जपून ठेवले आणि पुढची ऐंशी-नव्वद वर्षे ते संग्रहालयातली नवलाईची वस्तू बनून राहिले.

या गोट्यांना शास्त्रीय भाषेत ‘पॉलिमेटॅलिक नोड्यूल’ म्हणतात. या लेखात आपण त्यांना बहुधातू गोटे किंवा नुसते गोटे म्हणू. समुद्राच्या पाण्यात आणि तळाच्या गाळातल्या पाण्यात अत्यल्प प्रमाणात विरघळलेले धातू एखाद्या कणाभोवती थर धरू लागतात आणि गोटा वाढू लागतो. ही वाढ दहा लाख वर्षांत काही मिलिमीटर एवढीच होते. मुठीत मावेल एवढा गोटा तयार व्हायला कित्येक दशलक्ष वर्षे लागतात. म्हणजे आज तळावर पडलेले कित्येक गोटे वाढू लागले तेव्हा पृथ्वीवर माणूस नव्हता.

इथे एक कोडे आहे. तळावर वरून सतत बारीक गाळ झिरपत असतो आणि त्याचा थर हजार वर्षांत काही मिलिमीटर चढतो, म्हणजे गोट्याच्या वाढीच्या सुमारे हजारपट वेगाने. हिशेबाने पाहिले तर हे गोटे केव्हाच गाडले जायला हवे होते. तरीही लक्षावधी गोटे गाळावर अर्धवट उघडे पडलेले आहेत. तळाशी वाहणारे मंद प्रवाह आणि गाळात वळवळणारे प्राणी त्यांना वर राखत असावेत, असे स्पष्टीकरण दिले जाते, पण सर्वमान्य उत्तर अजून नाही. ज्या वस्तूवर खाणीचा सगळा आराखडा उभा आहे, ती आपल्या जागी कशी टिकून राहते हेच पुरते उलगडलेले नसावे, ही बाब मला फार बोलकी वाटते.

गोट्यांत साधारण पाव भागाहून थोडे अधिक मँगेनीज, एक-सव्वा टक्क्याच्या आसपास निकेल, तेवढ्याच्या जवळपास तांबे आणि सुमारे ०.२ टक्के कोबाल्ट असते. आकडे किरकोळ वाटतील, पण एकाच दगडात हे चारही धातू मिळणे जमिनीवर दुर्मीळ आहे. हवाई बेटे आणि मेक्सिको यांच्या दरम्यान ‘क्लॅरिअन-क्लिपर्टन क्षेत्र’ नावाचा समुद्रतळाचा विस्तीर्ण पट्टा आहे. तिथल्या गोट्यांचे एकूण वजन सुमारे २,१०० कोटी टन असावे असा अंदाज आहे, आणि त्यांतले कोबाल्ट व मँगेनीज जमिनीवरच्या ज्ञात साठ्यांहून अधिक भरते. गोट्यांखेरीज सागरी पर्वतांवरचे धातूंचे कवच आणि उष्ण झऱ्यांभोवतीचे गंधकयुक्त खनिज असे आणखी दोन प्रकार आहेत, पण आजचा मुख्य वाद गोट्यांचा आहे.

## ‘तिथे काहीच नाही’ हा जुना समज

एडवर्ड फोर्ब्स या ब्रिटिश निसर्गशास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात एजियन समुद्रातल्या आपल्या निरीक्षणांवरून असे अनुमान काढले की सुमारे ५५० मीटरच्या खाली जीवसृष्टी नसावी. अनुमान तर्काला धरून होते. प्रकाश नाही, अन्न नाही, वर पाण्याचा प्रचंड दाब. अशा ठिकाणी कोण जगेल? ते खोडण्यात संशोधकांइतकाच वाटा तारखात्याच्या केबलचा आहे. भूमध्य समुद्रात सार्डिनिया आणि आफ्रिका यांच्यामध्ये टाकलेली केबल बिघडली म्हणून १८६० मध्ये दोन हजार मीटरहून अधिक खोलीवरून वर काढली, तेव्हा तिला जिवंत प्राणी चिकटलेले सापडले. निरोप पाठवण्यासाठी टाकलेल्या तारेने जीवशास्त्रातला एक समज मोडला. तंत्रज्ञान निसर्गावर केवळ आघातच करते असे मानणाऱ्यांनी ही तार लक्षात ठेवावी.

पुढच्या शतकात असे धक्के बसतच गेले. २३ जानेवारी १९६० रोजी जॅक पिकार्ड आणि डॉन वॉल्श हे दोघे ‘त्रिएस्त’ या पाणयानातून मारियाना गर्तेच्या तळाशी, जवळपास ११ किलोमीटर खोल उतरले. १९७७ मध्ये गालापागोस बेटांजवळ सुमारे अडीच किलोमीटर खोलीवर उष्ण पाण्याचे झरे सापडले आणि त्यांच्याभोवती सूर्यप्रकाशावर नव्हे, तर रासायनिक ऊर्जेवर चालणारी आख्खी जीवसृष्टी दिसली. शाळेत शिकवले जाणारे ‘सर्व जीवनाचा आधार सूर्य’ हे वाक्य त्या शोधाने दुरुस्त करायला लावले.

गोट्यांचे पठार मात्र या झऱ्यांइतके गजबजलेले नाही. तिथे पाणी गोठणबिंदूच्या जरा वर, दाब पृष्ठभागाच्या चारशे पटींहून अधिक आणि अंधार कायमचा. अन्न म्हणजे वरून झिरपणारे सेंद्रिय कण, तेही मोजकेच. म्हणून प्राणी संख्येने कमी आहेत, पण प्रकारांनी थोडेथोडके नाहीत. क्लॅरिअन-क्लिपर्टन क्षेत्रातल्या नोंदी एकत्र करून २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने तिथल्या प्रजातींची संख्या साडेपाच हजारांच्या आसपास असल्याचे म्हटले आणि त्यांतल्या दहापैकी सुमारे नऊ प्रजातींना शास्त्रात अजून नावही मिळालेले नाही असे दाखवले.

मऊ गाळाच्या त्या पसाऱ्यात गोटा ही एकमेव टणक जागा असते. स्पंज, प्रवाळ, समुद्रफुले यांना चिकटून उभे राहायला आधार लागतो, तो गोटेच पुरवतात. पेरूच्या किनाऱ्यासमोरच्या समुद्रात चार किलोमीटरहून अधिक खोलीवर संशोधकांनी ऑक्टोपसच्या माद्या पाहिल्या. गोट्यावर एक मेलेला स्पंज उभा, त्याच्या वाळक्या देठावर अंडी, आणि त्या अंड्यांना आठही हातांनी कवटाळून बसलेली मादी. थंड पाण्यात अंडी उबायला किती काळ लागतो याची कल्पना दुसऱ्या एका खोल समुद्रातल्या ऑक्टोपसवरून येते: कॅलिफोर्नियाजवळ सुमारे १,४०० मीटर खोलीवर एक मादी ५३ महिने आपल्या अंड्यांवरून हललेली आढळली नाही. गोटा उचलला की स्पंज जातो आणि स्पंजाबरोबर अंडी घालायची जागाही जाते.

## गोटे वर येतात कसे

‘खाण’ म्हटल्यावर डोळ्यांसमोर खड्डा आणि बोगदा येतो. इथे तसे काही नाही. गोटे पृष्ठभागावरच पडलेले असतात, त्यामुळे काम वेचणीचे आहे. रणगाड्यासारख्या पट्ट्यांवर चालणारे अवजड यंत्र तळावर सोडले जाते. ते पाण्याचे जोरदार झोत मारून गोटे सुटे करते आणि गाळाच्या वरच्या थरासकट ओढून घेते. यंत्राच्या पोटात बराचसा गाळ वेगळा होऊन मागे सोडला जातो. गोटे मात्र काही किलोमीटर लांबीच्या उभ्या नळीतून, दाबाखालच्या हवेच्या मदतीने, जहाजापर्यंत वर ढकलले जातात. जहाजावर गोटे गाळून घेतले की उरलेले गढूळ पाणी दुसऱ्या नळीने परत समुद्रात सोडायचे.

ही केवळ कागदावरची कल्पना नाही. २०२२ मध्ये ‘हिडन जेम’ या जहाजावरून झालेल्या चाचणीत सुमारे ४,५०० टन गोटे तळावर गोळा करण्यात आले आणि त्यांपैकी तीन हजारांहून अधिक टन वर आणण्यात आले. भारताच्या राष्ट्रीय समुद्र तंत्रज्ञान संस्थेने २०२१ मध्ये मध्य हिंद महासागरात ५,२७० मीटर खोलीवर आपले ‘वराह’ हे यंत्र तळावर चालवून पाहिले.

या कामात गाळाचे दोन लोट उठतात, एक तळाशी यंत्रामागे आणि दुसरा जहाजातून परत सोडलेल्या पाण्याचा. पाणी न शिंपडता कोरडे अंगण झाडले की धूळ आपल्या अंगणापुरती राहत नाही, शेजारच्या ओट्यावर जाऊन बसते; खोल समुद्रात ती धूळ ज्यांच्यावर बसते ते प्राणी पाण्यातून कण गाळून जगणारे असतात. दुसऱ्या लोटाचे दुखणे वेगळे आहे. मधल्या खोलीवर तरंगणारे सूक्ष्म प्राणी ज्या आकाराचे पोषक कण खातात, जवळपास त्याच आकाराचे पण निःसत्त्व कण या पाण्यातून त्यांच्यात मिसळतात. त्या सूक्ष्म जीवांवर छोटे मासे जगतात, छोट्या माशांवर मोठे. त्यामुळे तळापासून खूप वरच्या पाण्यापर्यंत परिणाम पोहोचू शकतो.

## ओरखडा किती वर्षे टिकतो?

या प्रश्नावर अंदाजाने बोलावे लागत नाही, कारण काही ओरखडे जुने आहेत आणि त्यांची पुन्हा पाहणी झाली आहे.

१९८९ मध्ये जर्मन संशोधकांनी पेरूसमोरच्या खोल समुद्रात एक प्रयोग केला. सुमारे ११ चौरस किलोमीटरच्या वर्तुळात त्यांनी नांगरासारखे एक अवजार वारंवार ओढले. उत्खनन करायचे नव्हते, केवळ तळ ढवळून पुढे काय होते ते पाहायचे होते. १९८९ ही तारीख महत्त्वाची आहे: व्यापारी खाण सुरू होण्याच्या कितीतरी आधी कोणीतरी तिच्या परिणामांची चाचणी घेत होते. २०१५ मध्ये, म्हणजे २६ वर्षांनी, कॅमेरे पुन्हा खाली गेले तेव्हा नांगराच्या रेघा काल मारल्यासारख्या स्पष्ट होत्या. चिकटून जगणारे प्राणी त्या पट्ट्यांत परतले नव्हते आणि गाळातल्या जिवाणूंचे कामकाजही पूर्ववत झालेले नव्हते.

दुसरा ओरखडा खऱ्या यंत्राचा आहे. १९७९ मध्ये एका उद्योगसमूहाने क्लॅरिअन-क्लिपर्टन क्षेत्रात आपले वेचणीयंत्र चालवून पाहिले होते. ब्रिटिश संशोधक २०२३ मध्ये तिथे पोहोचले. चव्वेचाळीस वर्षांनंतरही यंत्राच्या चाकोऱ्या जशाच्या तशा होत्या. मात्र २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षांत दुसरी बाजूही आहे, आणि ती सांगायलाच हवी. गाळात फिरणारे काही लहान प्राणी त्या पट्ट्यात परतू लागले आहेत. आजूबाजूला जिथे केवळ गाळाचा लोट बसला होता तिथे प्राण्यांच्या संख्येवर फारसा दीर्घकालीन परिणाम दिसला नाही. स्थिर, मोठे प्राणी मात्र अजून नाहीत, कारण त्यांना बसायला लागणारा गोटाच तिथे उरलेला नाही.

२०२२ च्या ‘हिडन जेम’ चाचणीनंतरच्या पाहणीतही, यंत्र फिरले त्या पट्ट्यांत गाळातल्या छोट्या प्राण्यांची संख्या आणि त्यांच्या प्रजाती या दोन्हींत सुमारे एक तृतीयांश घट नोंदवली गेली. लोटाच्या बाबतीत आणखी एक मोजणी उद्योगाच्या बाजूने जाते. प्रत्यक्ष यंत्रामागे मोजल्यावर असे दिसले की उडालेल्या गाळाचा नव्वद टक्क्यांहून अधिक भाग तळापासून दोन मीटरच्या आतच राहतो. म्हणजे लोट शेकडो मैल पसरून महासागर गढूळ करील ही भीती अतिरंजित आहे. यंत्राच्या प्रत्यक्ष वाटेवर होणारी हानी मात्र माणसाच्या कालमानात भरून येणारी नाही. विरोधकांनी पहिले वाक्य आणि समर्थकांनी दुसरे वाक्य गाळू नये एवढीच अपेक्षा.

२०२४ मध्ये गाजलेला ‘गडद प्राणवायू’चा दावा, म्हणजे हे गोटे अंधारात प्राणवायू तयार करतात हा निष्कर्ष, मी इथे जाणूनबुजून आधार म्हणून वापरत नाही. त्याच्या मोजमापांवर इतर शास्त्रज्ञांनी गंभीर शंका घेतल्या आहेत. खाणकामाविरुद्धची बाजू त्या दाव्यावाचून लंगडी पडत नाही.

## समुद्रतळ कोणाचा?

किनाऱ्यापासून २०० सागरी मैलांपर्यंत, म्हणजे सुमारे ३७० किलोमीटरपर्यंत, समुद्रातल्या साधनसंपत्तीवर त्या त्या देशाचा हक्क असतो. काही ठिकाणी तळापुरता हा हक्क आणखी पुढे जातो. त्यापलीकडचा तळ कोणत्याही एका देशाचा नाही, आणि जगाच्या एकूण समुद्रतळाचा निम्म्याहून अधिक भाग असाच आहे.

१ नोव्हेंबर १९६७ रोजी माल्टा या छोट्या देशाचे राजदूत आर्विड पार्डो यांनी संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत मांडले की हा तळ साऱ्या मानवजातीचा सामायिक वारसा मानला जावा. त्या काळी गोट्यांविषयी मोठमोठी स्वप्ने रंगवली जात होती, आणि ज्याच्याकडे यंत्र त्याचाच तळ असे होईल ही त्यांची धास्ती होती. १९८२ च्या संयुक्त राष्ट्रांच्या समुद्र कायदा कराराने हे तत्त्व स्वीकारले. करार १९९४ मध्ये अमलात आला आणि जमैकातील किंग्स्टन इथे ‘आंतरराष्ट्रीय समुद्रतळ प्राधिकरण’ स्थापन झाले. सामायिक तळावर शोध घ्यायचा किंवा उत्खनन करायचे तर एखाद्या सदस्य देशाच्या पाठिंब्याने या प्राधिकरणाशी करार करावा लागतो. आजवर केवळ शोधकार्याचे, सुमारे तीस करार झाले आहेत. व्यापारी उत्खननाचा एकही नाही. भारताचा त्यात जुना वाटा आहे. ‘गवेषणी’ या संशोधन जहाजाने २६ जानेवारी १९८१ रोजी पहिले गोटे वर काढले, १९८७ मध्ये भारताला अग्रणी गुंतवणूकदाराचा दर्जा मिळाला, आणि मध्य हिंद महासागरातले ७५,००० चौरस किलोमीटरचे क्षेत्र आज भारताच्या वाट्याला आहे.

उत्खननाची नियमावली अजून लिहून पूर्ण झालेली नाही. २०२१ मध्ये नाऊरू या चिमुकल्या प्रशांत बेटाने करारातल्या एका तरतुदीवर बोट ठेवून दोन वर्षांत नियम पूर्ण करण्याची मागणी केली. मुदत २०२३ च्या जुलैत संपली, नियम झाले नाहीत. अमेरिका मुळात या कराराची सदस्य नाही. १९८० च्या स्वतःच्या कायद्याखाली ती आता परवाना देऊ पाहते, आणि २०२५ च्या त्या आदेशावरून एवढे वादळ का उठले याचे उत्तर इथे आहे. प्रश्न एका खाणीपुरता नाही. सामायिक म्हणून मान्य झालेल्या जागेवर एका देशाच्या कायद्याने दुसऱ्या देशाच्या कंपनीला उतरू दिले, तर उद्या इतरांनी नियमांसाठी थांबण्याचे कारण उरत नाही.

## ‘पण स्वच्छ ऊर्जेसाठी धातू लागणारच ना?’

हा समर्थकांचा सर्वांत वजनदार मुद्दा आहे. पेट्रोल-डिझेल सोडून विजेकडे वळायचे तर बॅटऱ्या हव्यात, बॅटऱ्यांना निकेल आणि कोबाल्ट हवे, आणि जमिनीवर ते मिळवायची किंमत भयंकर आहे. जगातले बहुतांश कोबाल्ट काँगोतून येते आणि तिथल्या खाणींत मुलेही राबतात. निकेलसाठी इंडोनेशियात वर्षावने तोडली जातात. समुद्रतळावर ना जंगल, ना वस्ती, ना विस्थापित.

मुद्दा खोटा नाही. पण त्यात एक गृहीत दडलेले आहे: समुद्रातले धातू आले की जमिनीवरच्या खाणी तितक्या प्रमाणात थांबतील. तसे बंधन घालणारा कोणताही करार आज अस्तित्वात नाही. अधिक पुरवठ्याने भाव उतरले तर जमिनीवरच्या खाणी सुरक्षितता आणि मजुरी यांवरचा खर्च आणखी कापतील, हीसुद्धा तितकीच शक्य गोष्ट आहे.

शिवाय बॅटरीचे रसायनच बदलते आहे. लिथियम, लोह आणि फॉस्फेट यांच्या बॅटरीत निकेल नाही आणि कोबाल्टही नाही; २०२४ मध्ये विजेच्या गाड्यांच्या बॅटऱ्यांच्या जागतिक बाजारात जवळपास निम्मा वाटा तिचाच होता. तळातून कोबाल्ट काढायला वीस वर्षांची योजना आखायची आणि तोवर ग्राहक दुसरीकडे वळलेला असायचा, असे होऊ शकते. बीएमडब्ल्यू, व्होल्वो, गुगल आणि सॅमसंग एसडीआय यांनी २०२१ मध्येच खोल समुद्रातले धातू तूर्त वापरणार नाही असे जाहीर केले होते. तांब्याची गरज मात्र कमी होण्याची चिन्हे नाहीत, हेही मान्य करायला हवे.

## ‘एवढ्या अफाट समुद्रात एवढासा तुकडा!’

हिशेब करून पाहू. एका चौरस मीटरवर १५ किलो गोटे आहेत असे धरले आणि एका खाणीला वर्षाला ३० लाख टन हवे असतील, तर वर्षाला २०० चौरस किलोमीटर तळ खरवडावा लागेल. तीस वर्षांत ६,००० चौरस किलोमीटर. महासागराच्या मानाने हे खरोखरच नगण्य आहे.

पण खाण एकच राहणार नाही, आणि तळ सगळीकडे सारखा नाही. नावाशिवायच्या त्या हजारो प्रजातींपैकी अनेक आजवर एकेकाच ठिकाणी सापडल्या आहेत. त्या खरोखर तेवढ्याच जागेत राहतात, की आपण इतरत्र शोधलेच नाही, हे ठरवायला पुरेशी पाहणी झालेली नाही. २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अंदाजानुसार खोल समुद्रतळाचा केवळ ०.००१ टक्का भाग माणसाने आजवर प्रत्यक्ष किंवा कॅमेऱ्यातून पाहिला आहे. ‘तुकडा छोटा आहे’ म्हणणाऱ्याला उरलेला कपडा कसा आहे हे ठाऊक असावे लागते.

## उशीर झाला, म्हणून कळले

१९७० च्या दशकात हे सगळे एकदा घडता घडता राहिले. त्यातला एक प्रसंग तर कादंबरीत शोभेल. १९७४ मध्ये ‘ग्लोमार एक्स्प्लोरर’ हे अवाढव्य जहाज प्रशांत महासागरात गोटे काढायला निघाल्याची जाहिरात झाली. प्रत्यक्षात ते अमेरिकी गुप्तहेर संघटनेचे जहाज होते आणि त्याला १९६८ मध्ये बुडालेली सोव्हिएत पाणबुडी तळावरून उचलायची होती. खाणकाम हे नुसते सोंग होते, पण ते इतके पटण्याजोगे होते की जगाने त्यावर विश्वास ठेवला. त्याच दशकात खऱ्या कंपन्यांनीही चाचण्या केल्या. नंतर धातूंचे भाव पडले, कायद्याची भांडणे लांबली आणि सारे गुंडाळले गेले.

त्या वेळी भाव चढे राहिले असते, तर बराच मोठा तळ उष्ण झऱ्यांचा शोध पचनी पडण्याआधीच खरवडून झाला असता. १९८९ चा नांगराचा प्रयोग, प्रजातींची मोजदाद, अंडी कवटाळून बसलेला ऑक्टोपस, हे सारे त्या पन्नास वर्षांच्या अवकाशात हाती आले. तो अवकाश कोणी शहाणपणाने ठरवून दिलेला नव्हता, बाजाराच्या मंदीने आणि मुत्सद्द्यांच्या घोळाने तो मिळाला. म्हणूनच ‘आणखी थांबा’ म्हणणाऱ्यांना मी प्रगतीचे विरोधक मानत नाही. आजवर जे कळले ते थांबण्यामुळेच कळले आहे.

घाईची किंमत निसर्गालाच मोजावी लागते असेही नाही. पापुआ न्यू गिनीच्या सरकारने आपल्या हद्दीतल्या उष्ण झऱ्यांजवळच्या खाणीसाठी ‘नॉटिलस मिनरल्स’ या कंपनीच्या प्रकल्पात भागीदारी केली. उत्खनन सुरू होण्याआधीच, २०१९ मध्ये, कंपनी बुडाली आणि सरकारी पैसाही बुडाला.

## ‘मग कधीच खणायचे नाही का?’

असे ठरवता येते, याला दाखला आहे. अंटार्क्टिकातल्या खाणकामाला नियमांत बसवण्यासाठी १९८८ मध्ये एक आंतरराष्ट्रीय करार लिहून पूर्ण झाला होता. १९८९ मध्ये ऑस्ट्रेलिया आणि फ्रान्स यांनी त्यावर मान्यतेची मोहोर उमटवायला नकार दिला. त्याऐवजी १९९१ मध्ये माद्रिद इथे नवा मसुदा सह्यांसाठी पुढे आला, त्याने वैज्ञानिक संशोधन वगळता सर्व खनिज कामांना मनाई केली, आणि तो १९९८ पासून लागू आहे. यावर आक्षेप असा की बर्फाखालून खणणे तेव्हा परवडणारेच नव्हते, त्यामुळे त्याग करणे सोपे होते. आक्षेप रास्त आहे. पण गोट्यांचा व्यवहारही परवडतो हे अजून कोणी सिद्ध केलेले नाही.

सरसकट कायमची बंदी हा एकच मार्ग आहे असे मात्र मला वाटत नाही. एखाद्या क्षेत्राची दहा-पंधरा वर्षे पाहणी होऊन तिथल्या प्रजातींची यादी तयार झाली, शेजारचे तेवढेच मोठे क्षेत्र कायमचे राखून ठेवले, कंपनीशी संबंध नसलेल्या संस्थेला यंत्र थांबवण्याचा अधिकार दिला, तर मर्यादित खाणकामाचा विचार करता येईल. आज यांपैकी पहिली अटही बहुतेक क्षेत्रांत पुरी झालेली नाही. नॉर्वेने जानेवारी २०२४ मध्ये आपल्या हद्दीतला समुद्रतळ खाणकामासाठी खुला केला आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात परवान्यांचे काम थांबवले.

## पुढची बातमी वाचताना

‘समुद्रतळावरून पहिले व्यापारी उत्खनन’ अशी बातमी कधी ना कधी येईल. तेव्हा टनांच्या आकड्यावर न थांबता चार गोष्टी तपासाव्यात. परवाना किंग्स्टनच्या प्राधिकरणाने दिला की एखाद्या देशाने स्वतःच्या कायद्याखाली? उत्खननापूर्वीची पाहणी किती वर्षांची आहे आणि तिची मूळ माहिती सर्वांना खुली आहे का? गढूळ पाणी किती खोलीवर सोडले जाणार? आणि हानी झालीच तर भरपाई कोण देणार? या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर बहुतेक बातम्यांत नसते. आंतरराष्ट्रीय सागरी कायदा न्यायाधिकरणाच्या समुद्रतळ कक्षाने २०११ मध्ये दिलेल्या मतानुसार, पाठिंबा देणारा देश श्रीमंत असो वा गरीब, कंपनीवर देखरेख ठेवण्याची त्याची जबाबदारी सारखीच असते. ती नीट पार पाडली असेल, तर कंपनीने केलेल्या हानीचे दायित्व त्या देशावर येत नाही. मग कंपनीचे दिवाळे निघाले असेल, तर भरपाई मागायला समोर कोणीच उरत नाही. आणि ही पोकळी भरणारा निधी अजून उभा राहायचा आहे.